भरतीच्या घड्याळावर मुंबई: किनाऱ्याची पावसाळी कृष्णधवल मालिका कशी उभारावी

शहराची चांगली पन्नास छायाचित्रं जमली म्हणजे मालिका होत नाही. एकच विषय, एकाच जातीचा प्रकाश, एकच नजर आणि एकच छपाई या चार गोष्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकल्या, तरच चित्रं एकमेकांशी बोलू लागतात. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या आणि खाणींचे मनोरे कित्येक दशकं टिपले, तेही ढगाळ उजेडात, समोरून, कृष्णधवल फिल्मवर. त्या कामाची ताकद एकेका चित्रात जितकी आहे, त्याहून जास्त न मोडलेल्या नियमांत आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर असं काम करायचं असेल, तर पावसाळ्याइतका योग्य काळ दुसरा नाही. त्याचं कारण समुद्राच्या वेळापत्रकात आहे, म्हणून आधी तेच पाहू.

तिथीवरून वेळ कशी काढायची

मुंबईला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. पाणी सगळ्यात वर चढतं आणि ओहोटीला सगळ्यात खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार बेताचा राहतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईत हा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी जिथे खडक उघडे दिसले, तिथे दुपारी माणूस बुडेल इतकं पाणी असतं.

पूर्ण भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हेच गणित आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळांना तेच. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून वेळ आणि उंची पक्की करा. महिन्याभराचं नियोजन मात्र साध्या दिनदर्शिकेवर होतं.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मुंबईत उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारी बाराच्या आगेमागे आणि मध्यरात्री येते. हिवाळ्यात दुपारी बाराचं ऊन इतकं कडक असतं की त्या मोठ्या भरतीचा छायाचित्राला काही उपयोग होत नाही. पावसाळ्यात आकाशच मोठ्या पांढऱ्या कापडासारखं उजेड गाळून देतं. सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि भर दुपारी चार-चार तास काम करता येतं. उधाण आणि मऊ उजेड असा जोड वर्षातून याच चार महिन्यांत मिळतो.

महिन्याचं वेळापत्रक असं मांडा:

- अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे दोन-तीन दिवस: दुपारी ११ ते २ उंच पाणी. बांध, पायऱ्या, पाण्यात बुडणाऱ्या वाटा.
- त्याच दिवसांची पहाट: ओहोटी. खडक, चिखल, उघडे पडलेले खांब.
- दशमी-एकादशी: संध्याकाळी सातच्या पुढे भरती. जून-जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असल्यामुळे दिवे लागणीची चित्रं तेव्हा.
- अष्टमी-नवमी: पाणी बेताचं आणि शांत. दूरवरच्या रेषा, पूल, क्षितिज.

नियम आधी, कॅमेरा नंतर

पहिल्या फेरीच्या आधी एका कागदावर पाच निर्णय लिहा आणि मालिका संपेपर्यंत ते बदलू नका.

*चौकट.* चौरस किंवा ४:५ यांपैकी एकच. समुद्रासारख्या आडव्या विषयाला चौरस चौकट शिस्त लावते, कारण बाजूला पसरायला जागाच उरत नाही आणि आकाशाला निम्मं स्थान द्यावं लागतं. पूल आणि लांब किनारा हाच तुमचा मुख्य विषय असेल तर ४:५ आडवी घ्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चौरस चौकट लावायची सोय असते, ती लावूनच चित्रं घ्या. घरी येऊन कापू म्हणालात की रचना सैल पडते.

*नाभीय अंतर.* पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३५ मिमी आणि ८५ मिमी, एवढ्या दोन लेन्स पुरतात. लहान सेन्सरवर २३ किंवा २४ आणि ५६ च्या आसपास. झूम लेन्स वापरायची असेल तर याच दोन आकड्यांवर चिकटपट्टी लावून ठेवा. अतिरुंद लेन्सने ढग नाट्यमय दिसतात खरे, पण पुढचा खडक प्रचंड आणि मागचं शहर काडेपेटीएवढं होतं आणि पंधरा चित्रांनंतर तीच एक युक्ती डोळ्यांत खुपते.

*क्षितिज.* मध्यावर, की खालच्या तिसऱ्या भागात? ठरवा आणि पाळा. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांच्या समुद्राच्या चित्रांत क्षितिज बरोबर मध्यातून जातं आणि त्यामुळे वेगवेगळ्या देशांचे समुद्र एका भिंतीवर शेजारी बसतात. मुंबईच्या कामात मला खालच्या तिसऱ्या भागातलं क्षितिज जास्त पटतं, कारण पावसाळ्यात घडामोड आकाशात असते.

*उजेड.* फक्त ढगाळ. एखाद्या संध्याकाळी ढग फाटून सोनेरी ऊन पडेल आणि मोह होईल. ती चित्रं जरूर घ्या, पण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

*माणसं.* असतील तर सगळ्या मालिकेत छोट्या आकृत्या म्हणून, नसतील तर कुठेच नाहीत. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवल्यावर, चालणारी माणसं दिसेनाशी होतात आणि बसलेली अर्धवट धुरकट उरतात. ही धुरकट माणसं हवीत की नकोत, हेही लिहून ठेवा.

सामान

ट्रायपॉड वजनदार हवा. पावसाळी वाऱ्यात एक किलोचा हलका ट्रायपॉड दोन मिनिटं स्थिर राहत नाही. मधला दांडा वर काढू नका. पाय पसरून कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवा. दांड्याला बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा, कारण लोंबकळती बॅग वाऱ्यात झुलते आणि कॅमेऱ्याला सोबत झुलवते. वाळूत पाय खोलवर दाबून मगच चौकट ठरवा. लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड हळूहळू खचतो. चित्रात क्षितिज दुहेरी दिसलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणाऱ्या गडद काचा, तीन: ३, ६ आणि १० स्टॉपचे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). काचेचे गोल फिल्टर पावसात चौकोनी पट्ट्यांपेक्षा सोयीचे, कारण चौकोनी फिल्टर आणि धारकाच्या फटीतून पाणी आणि उजेड दोन्ही आत शिरतात. फिल्टर सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचे घ्या आणि लहान लेन्सला जोडकडं लावा. बदलता एनडी टाळा. जास्त जोरावर तो आकाशात काळा फुलीसारखा डाग पाडतो.

बाकी यादी छोटी आहे: रिमोट किंवा केबल रिलीज, दोन जादा बॅटऱ्या, सहा-सात मायक्रोफायबर कापड वेगवेगळ्या झिप पिशव्यांत, लेन्स हूड, हॉटेलात मिळते तशी प्लास्टिकची शॉवर कॅप कॅमेऱ्यावर ओढायला, पकड असलेले बूट आणि दांडा मजबूत असलेली मोठी छत्री.

एक्स्पोजरचं गणित

पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला शटर साधारण १/६० सेकंद येतं. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट होते. त्यावरून तीन फिल्टरांतून एवढे पल्ले मिळतात:

- ६ स्टॉप: सुमारे १ सेकंद. लाटेचा आकार टिकतो, फेसाच्या रेघा दिसतात.
- ६ + ३ स्टॉप: सुमारे ८ सेकंद. पाणी दुधाळ होतं, खडकांभोवतीचा प्रवाह कळतो.
- १० स्टॉप: सुमारे १७ सेकंद. पाणी धुक्यासारखं.
- १० + ३ स्टॉप: २ मिनिटं १६ सेकंद. समुद्र सपाट, ढगांचे पट्टे.
- १० + ६ स्टॉप: १८ मिनिटं. पावसाळ्यात याचा फायदा जवळजवळ नाही.

शेवटच्याचं कारण वाऱ्यात आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यात खालचे ढग इतके वेगाने धावतात की ३० ते ९० सेकंदांत त्यांचे सुंदर पट्टे उमटतात. चार मिनिटांनंतर पट्टे एकमेकांत मिसळतात आणि आकाश एकसुरी राखाडी होतं. आकाशच नाट्यमय हवं असेल तर पावसाळ्यात वेळ कमी करा, वाढवू नका.

पट्ट्यांची दिशा तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते. पश्चिमेला किंवा नैऋत्येला तोंड केलं, तर ढग तुमच्या दिशेने येतात आणि क्षितिजावरच्या एका बिंदूपासून पंख्यासारखे उघडतात. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण बघितलं तर पट्टे चौकटीतून आडवे जातात. मालिकेत दोन्ही मिसळायचे असतील तर शेजारशेजारच्या चित्रांत एकच दिशा ठेवा.

प्रत्यक्ष क्रम असा. फिल्टर न लावता चौकट ठरवा. ऑटोफोकसने दूरची कडा पकडा आणि लगेच मॅन्युअलवर टाका. १० स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, तो शोधत राहतो. मॅन्युअल एक्स्पोजरवर एक चाचणी चित्र घ्या, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा, ढगांचे उजळ भाग उजव्या कडेला टेकू देऊ नका. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद करा. डीएसएलआर असेल तर मागचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) झाका, लांब एक्स्पोजरमध्ये तिथून उजेड शिरून चित्रावर धुरकट पट्टा येतो. मग फिल्टर हलक्या हाताने चढवा, बल्ब मोड (शटर हवं तितका वेळ उघडं ठेवणारा) लावा आणि रिमोटने शटर उघडा. रॉ फाइलच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा.

लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन चालू असेल तर कॅमेरा तेवढाच वेळ दुसरं काळं चित्र घेतो. दोन मिनिटांच्या चित्राला चार मिनिटं जातात. भरती डोक्यावर असताना ही वेळ परवडत नाही. ते बंद ठेवा आणि दिवसाच्या शेवटी लेन्सवर टोपी लावून त्याच वेळेचं एक काळं चित्र घ्या, चमकणारे पिक्सेल शोधायला ते पुरतं. सूर्यास्तानंतर मात्र गणित बदलतं. एक्स्पोजर चालू असतानाच उजेड उतरतो, म्हणून हिशोबाने आलेल्या वेळेत अर्धा ते एक स्टॉप जास्त धरा.

एफ/१६ च्या पुढे छिद्र लहान करू नका, कडा मऊ पडतात. लहान सेन्सरवर एफ/८ पुरे. शिवाय लहान छिद्राला सेन्सरवरचा धुळीचा कण सपाट आकाशात ठळक दिसतो. पावसाळ्यात बाहेर उघड्यावर लेन्स बदलली की हे हमखास होतं, म्हणून एका फेरीला एकच लेन्स लावून निघा.

पाऊस, खारा वारा आणि काच

पश्चिमेकडे कॅमेरा वळवला की वारा आणि तुषार सरळ फिल्टरवर येतात. पावसाचा एक थेंब दोन मिनिटांच्या चित्रात मोठा मऊ डाग होऊन बसतो आणि तो संगणकावर स्वच्छ निघत नाही. म्हणून शटर उघडायच्या क्षणापर्यंत फिल्टर कोरड्या कापडाने झाकून ठेवा, प्रत्येक चित्रानंतर काच तिरप्या उजेडात तपासा आणि छत्री वाऱ्याच्या बाजूला, चौकटीच्या बाहेर धरा. सर कोसळत असताना काम थांबवा. सर ओसरल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत हवा धुतलेली असते, दूरच्या इमारतींच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसतात आणि पुढच्या ढगाची काळी भिंत क्षितिजावर उभी असते. बरीचशी कामाची चित्रं या फटीत मिळतात.

समुद्राचे तुषार पावसापेक्षा वाईट, कारण त्यात मीठ असतं. ते कोरड्या कापडाने पुसलं तर काचेवर ओरखडे येतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेल्या कापडाने टिपा, मग कोरड्याने पुसा. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा, नाहीतर महिन्याभरात सांधे जाम होतात. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून थेट बाहेर आल्यावर काचेवर आतून-बाहेरून दमट थर जमतो. कॅमेरा बंद झिप पिशवीत ठेवून अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, तोवर पिशवी उघडू नका. मुंबईच्या हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. ती टाळायला ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट, किंवा हवाबंद डब्यात सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं.

जागा, तिथीसह

*मरीन ड्राइव्ह.* नरिमन पॉइंटच्या टोकावरून उत्तरेकडे पाहिलं की गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलपर्यंतची कमान एका चौकटीत येते. ८५ मिमी इथे कामाला येते, कारण ती कमान दाबून इमारतींच्या रांगा जवळ आणते. या रस्त्यावरच्या आर्ट डेको इमारतींचा समूह ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींसह २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गोलसर गच्च्या आणि आडव्या पट्ट्यांना ढगाळ उजेडच न्याय देतो. दशमीच्या संध्याकाळी, सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटं, आकाश आणि रस्त्यावरचे दिवे यांची तीव्रता जवळजवळ सारखी होते. तेवढ्यात ३० सेकंदांची चार-पाच चित्रं घ्या. नंतर दिवे पांढरे फाटतात.

*हाजी अली.* दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. एकच चौकट ठेवून ओहोटीपासून भरतीपर्यंत दर तासाला एक चित्र घेतलं, तर वाट हळूहळू पुसली जाते आणि दर्गा पाण्यावर उरतो. मालिकेत हे तीन चित्रांचं उपकथानक होऊ शकतं. दुपारच्या उधाणाला १० + ३ स्टॉप, किनाऱ्यावरून. कोस्टल रोडमुळे इथला किनारा बदलला आहे, त्यामुळे जुन्या छायाचित्रांतल्या उभं राहायच्या जागा शोधत बसू नका. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा.

*सागरी सेतू.* वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून मुंबईत सगळ्यात जास्त टिपलेल्या वास्तूंपैकी तो एक आहे. नेमकी तीच अडचण आहे. वांद्र्याच्या किल्ल्यावरून दक्षिणेकडचं दृश्य सगळ्यांकडे असतं. दादर-माहीमच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला पाहिलं तर पूल क्षितिजावरची बारीक रेघ होतो आणि चित्र आकाशाचं राहतं. मालिकेत ते अधिक शोभतं. पाणी उथळ असल्यामुळे अष्टमी-नवमीच्या शांत दिवशी त्यावर केबलींचं प्रतिबिंबही मिळतं. केबली वाऱ्यात थरथरतात, म्हणून इथे दोन मिनिटांपेक्षा १५-२० सेकंद बरे.

*कोळीवाडे.* १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या, ताडपत्रीने झाकलेल्या, डागडुजीसाठी ठोकळ्यांवर चढवलेल्या असतात. वरळी आणि वर्सोव्यात या काळात जे दिसतं ते नारळी पौर्णिमेनंतर दिसत नाही. इथे ट्रायपॉड उघडण्याआधी माणसांशी बोला. बोट कोणाच्या तरी मालकीची आहे, जाळं कोणाच्या तरी अंगणात पडलेलं आहे. पुढच्या फेरीला छोटी प्रिंट नेऊन द्या. असं काम महिनोन्महिने चालायचं असतं आणि ते तिथल्या लोकांच्या संमतीवरच चालतं.

*शिवडी.* पूर्व किनारा वाऱ्याच्या आडोशाला आहे, म्हणून जोराच्या पावसाळी दिवसांत इथेच या. काच कोरडी राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या पहाटे ओहोटीला चिखलाचं मैदान उघडं पडतं आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचे खांब त्यावरून पूर्वेला निघून जातात. रोहित पक्षी हिवाळ्यात ते मेपर्यंतचे पाहुणे, पावसाळ्यात ते नसतात आणि या मालिकेला त्यांची गरजही नाही. आसपास बंदराचा परिसर आहे. मनाईचे फलक पाळा.

परवानग्या आणि जिवाची काळजी

हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. ट्रायपॉड उघडला की सुरक्षारक्षक व्यावसायिक चित्रीकरण समजतात. ओळखपत्र आणि आधी काढलेल्या चार-पाच छोट्या प्रिंट जवळ ठेवा, तोंडी समजावण्यापेक्षा प्रिंट दाखवलेली लवकर कळते. रेल्वेच्या हद्दीत आणि संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. नौदल आणि बंदराच्या आस्थापनांकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोनचा विचार या मालिकेतून काढून टाका. मुंबईच्या बऱ्याचशा आकाशावर निर्बंध आहेत आणि वरून पाहिलेला समुद्र या नियमावलीत बसतही नाही.

साडेचार मीटरच्या वरची भरती असलेले दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या दिवशी चित्रं मिळतात आणि माणसंही वाहून जातात. मरीन ड्राइव्हच्या चौपायी काँक्रीट ठोकळ्यांवर कधीही, कोणत्याही भरतीला उतरू नका. त्यांवर शेवाळ असतं आणि खालच्या फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. कुठल्याही जागी ट्रायपॉड मांडण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं पाहा. अनेक मध्यम लाटांनंतर एक-दोन मोठ्या येतात. सगळ्यात मोठ्या लाटेचं पाणी जिथवर पोचलं, त्याच्या बरंच मागे उभे राहा. खडकांवर असाल तर परतीची वाट मागून पाण्याने भरत नाही ना, हे दर दहा मिनिटांनी वळून बघा. पोलिसांनी मागे हटायला सांगितलं की त्याच क्षणी हटा.

निवड

एका पावसाळ्यात तीनेकशे वापरता येतील अशी चित्रं जमतात. त्यांतली बारा ते अठरा ठेवायची. संगणकावर निवड केली तर तीव्र चित्रंच निवडली जातात, कारण तिथे प्रत्येक चित्र एकटं दिसतं. म्हणून साठ चित्रांच्या ४×६ इंची साध्या प्रिंट काढा आणि भिंतीवर चिकटवा. आठवडाभर येता-जाता बघा. मग बारा ते अठरा उरेपर्यंत रोज दोन काढा. ज्या चित्राची जागा दुसरं चित्र भरून काढतं ते जातं, मग ते कितीही देखणं असो. दोन पूल असतील तर एक जाईल. कठीण निर्णय तेव्हा येतो, जेव्हा सगळ्यात जास्त दाद मिळालेलं चित्रच मालिकेत बसत नाही. ते काढा.

क्रम लावताना जागांचा नकाशा विसरा. पाण्याची पातळी, क्षितिजाची उंची आणि राखाडीची छटा यांवर लावा. ओहोटीपासून भरतीकडे आणि परत, हा एक साधा क्रम आहे आणि तो चालतो. काळ्याभोर दोन चित्रांमध्ये एक हलकं ठेवलं की दोन्हींचा काळा खोल वाटतो.

छटा आणि छपाई

रॉ फाइल १६ बिटमध्येच उघडा. सपाट आकाश ८ बिटमध्ये ताणलं की पायऱ्या पडतात, आणि त्या पडद्यावर न दिसता प्रिंटमध्ये दिसतात. कृष्णधवल करताना आधी एक चित्र पूर्ण करा, तेच मापाचं चित्र समजा आणि बाकी सगळी त्याच्या शेजारी उघडून जुळवा. तिथला सगळ्यात काळा भाग किती काळा, फेस किती पांढरा, हे दोन टोकाचे बिंदू सगळ्या चित्रांत जवळपास सारखे हवेत. क्लॅरिटीचा (संपादनातली कडा ठळक करणारी सोय) हात आखडता घ्या. पुलाच्या आणि इमारतींच्या कडेभोवती पांढरी किनार उमटली, की ती या प्रकारातली सगळ्यात सर्रास दिसणारी चूक असते. शेवटी हलका दाणा घाला, त्याने आकाशातल्या पायऱ्याही लपतात.

पडद्याचा उजेड ८० ते १२० कँडेला दर चौरस मीटर एवढा ठेवा. प्रिंट काळोखी आली अशी तक्रार बहुतेक वेळा प्रिंटरची नसते, पडदा जास्त उजळ ठेवल्याची असते. मोठी प्रिंट काढण्याआधी गडद, मध्यम आणि उजळ भाग येतील अशी ए४ आकाराची चाचणी पट्टी काढून दिवसाच्या उजेडात बघा.

२४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून चौरस कापलं तर ४००० × ४००० पिक्सेल उरतात. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ते १३ इंचांच्या थोडं पुढे जातं. एवढा आकार पुरेसा आहे. ब्रिटिश छायाचित्रकार मायकल केन्ना यांच्या चौरस प्रिंट साधारण आठ इंचांच्या असतात आणि बघणाऱ्याला जवळ ओढून घेतात. दोन मिनिटांच्या शांत पाण्याला भिंतभर आकार मानवत नाही. १२ इंचांचं चित्र, भोवती तीन इंच कोरा कागद, असं ठरवा. कागद सुती, ३०० जीएसएमच्या वरचा, मॅट, शाई पिगमेंटची. बरायटा या किंचित चकाकीच्या कागदावर काळा अधिक खोल येतो, पण काचेमागे दिव्यांचं प्रतिबिंब जास्त पडतं. दोन्हींवर तीच दोन चित्रं काढून बघा आणि मग सगळी मालिका एकाच कागदावर.

आवृत्ती आधी ठरवा, उदाहरणार्थ प्रत्येकी १० प्रिंट आणि २ कलाकाराच्या प्रती, आणि त्यानंतर तो आकडा वाढवू नका. खालच्या कोऱ्या भागात पेन्सिलीने डावीकडे क्रमांक ३/१०, उजवीकडे सही आणि साल. कोणती प्रिंट कोणाला गेली याची वही ठेवा. फ्रेम करताना प्रिंट काचेला टेकू देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत ती काचेला चिकटते आणि सोडवताना फाटते. मध्ये आम्लविरहित माउंट बोर्ड, मागची बाजू पट्टीने बंद, आणि पाऊस झिरपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगायची नाही.

हीच मालिका प्रवासात

नियमावली हातात असली की दुसऱ्या पावसाळ्यात किनाऱ्याने सरकता येतं. अरबी समुद्राच्या या काठावर दक्षिणेला भरतीचा चढउतार कमी होत जातो आणि उत्तरेला वाढतो. पणजीला तो दोन मीटरच्या आसपास, मुंबईला पाचच्या आसपास, भावनगरला दहाच्या वर. पणजीत मांडवीच्या काठी पाणी फारसं हलत नाही, म्हणून तिथे घाट, फेरीबोटीचे धक्के आणि खारफुटीच्या कडा शोधा. भावनगरला समुद्र मैलभर मागे जातो आणि चिखलच विषय होतो. तिथे भरती वेगाने परत येते, त्यामुळे स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय चिखलात उतरू नका. पाऊणपटीचं गणितही मुंबईपासून लांब गेलं की सरकतं, तेव्हा त्या त्या बंदराचं वेळापत्रक घ्या.

विमानाने जाणार असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकं झाकून, ट्रायपॉड सामानात, फिल्टर कपड्यांत गुंडाळून हातात. पहिला दिवस कॅमेरा न काढता भरती आणि ओहोटी दोन्ही वेळांना चालून काढा आणि फोनवर फक्त उभं राहायच्या जागा टिपून ठेवा.